साबेराखालाचं बिनव्याजी वर्ष

साबेराखाला आयुष्यभर दोनच गोष्टींना घाबरत आली, सापाला आणि सुदाला. त्यातही साप बरा, असं तिचं मत. तो एकदा चावतो आणि निघून जातो. सूद घरात राहायला येतो. सूद म्हणजे व्याज. घेणं हराम, देणंही हराम. अमळनेरच्या जुन्या तेलगिरणीमागच्या गल्लीत हे मानणारे पुष्कळ होते, पाळणारे थोडे, आणि साबेराखालासारखी पाळणारी एकटी साबेराखालाच. तिचा नवरा चांद दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होता. तो गेल्यावर ती पेन्शन घेऊन माहेरगावी अमळनेरला परतली. पेन्शन बँकेत जमा व्हायची आणि बँक काही केल्या ऐकायची नाही, दर तीन महिन्यांनी खात्यात थोडंफार व्याज टाकायचीच. साबेराखाला पासबुक छापून घ्यायची, व्याजाच्या आकड्याखाली कारकुनाकडून पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची, बरोबर तेवढे पैसे काढायची आणि मोहल्ल्यातल्या सार्वजनिक संडासाच्या दुरुस्तीला देऊन टाकायची. पुण्य म्हणून नव्हे. अशा पैशाचं पुण्य लागत नाही. घाण होती ती घाणीच्या जागी टाकली, एवढंच. "खालाच्या सुदावर आपला संडास चालतो," असं तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी गल्लीतली टवाळ मंडळी बोलायची. ती रागवायची नाही, कारण ते खरंच होतं.

अशा बाईवर लोक विश्वास टाकणार नाहीत तर कुणावर टाकणार? तिच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत अर्ध्या गल्लीची अमानत होती. कुणाचे बांगड्यांचे पैसे, कुणाचे भाडं वाचवून ठेवलेले, कुणाचे नवऱ्यापासून लपवलेले. रीत ठरलेली. ज्याचे पैसे त्याने स्वतः फडक्यात बांधायचे, गाठ स्वतः मारायची, आणि साबेराखालाने ती पुरचुंडी नुसती उचलून पेटीत ठेवायची. आत किती आहे हे तिने विचारायचं नाही, समोरच्याने सांगायचं नाही. मागायला आला की तीच पुरचुंडी, तीच गाठ, त्याच नोटा. नोटाबंदीच्या वेळी लोक म्हणाले, खाला, तूच रांगेत उभी राहून बदलून आण. तिने साफ नकार दिला. दारोदार फिरून ज्याची त्याला पुरचुंडी दिली, आणि म्हणाली, नव्या नोटा आणल्यात की परत बांधून द्या. अमानतीतली नोट आपण बदलायची नसते, म्हणे. आता काय म्हणावं! पण गल्लीला हे वेड फार सोयीचं होतं.

सगळ्यांत जुनी पुरचुंडी बेबाबाईची. बेबाबाई भाजी विकायची, गल्लीच्या टोकाला राहायची, वयाने साबेराखालापेक्षा पाचेक वर्षांनी मोठी. तिचा मुलगा अमृत दारूच्या पायी कामाला मुकला होता. घरातलं पितळ, पत्रे, एकदा तर चालू गॅसची टाकीसुद्धा त्याने विकली होती. त्याचीच मुलगी बारावीत होती आणि तिला नर्सिंगला घालायचं बेबाबाईने मनाशी पक्कं केलं होतं. चार वर्षं ती आठवड्याला येऊन पुरचुंडी सोडायची, त्यात भर घालायची, पुन्हा गाठ मारायची. "तुना घरमा मना पैसा शे म्हनीसन माले झोप लागस, साबेरा," ती म्हणायची. साबेराखाला तोंड दुसरीकडे करून बसायची, नजरसुद्धा नोटांवर पडू नये म्हणून.

तर अशा साबेराखालाच्या घरात क्रेडिट कार्ड आलं कसं, ते सांगायला हवं.

कारण होतं ऊन. खानदेशात मे महिन्यात पत्र्याखाली राहणं म्हणजे काय, ते राहिलेल्यालाच ठाऊक. साबेराखालाचं घर वरखाली दोन खोल्यांचं. वरची पत्र्याची, तीत मुलगा हसीब आणि सून सदफ. हसीब धुळ्याला बॅटरीच्या दुकानात नोकरीला, आठवड्याला एकदा घरी यायचा. मागच्या मे महिन्यात सातव्या महिन्यात सदफचं पोर पोटातच गेलं. डॉक्टरीणबाईंनी उन्हाला सरळ दोष दिला नाही, पण गल्लीने दिला, आणि सदफने तर मनातून दिलाच. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, सातवा लागत होता, आणि एप्रिल संपत आला होता. कूलर गरम वाफा फेकत होता. सदफ ओल्या चादरीवर पडून पत्र्याकडे टक लावून बघत राहायची. साबेराखालाला ते बघवेना. एके सकाळी तिने हसीबला फोन लावला आणि म्हणाली, "एसी घे."

एसी, स्टॅबिलायझर आणि बसवणावळ मिळून एकेचाळीस हजार चारशे. घरात रोख होते सात हजार, तेही बाळंतपणासाठी राखलेले. हसीबच्या पगाराला कागद नाही, त्यामुळे त्याला कुणी कार्ड देईना. साबेराखालाला पेन्शन, म्हणून तिला द्यायला तिघे तयार. जन्मभर सुदापासून पदर सांभाळून चाललेली बाई साठीला टेकता टेकता तीन कार्डांचे कागद पुढ्यात घेऊन बसली.

बसली ती मांगीलालशेठच्या दुकानात. शेठ मूळचे राजस्थानकडचे, पण तीन पिढ्या अमळनेरात; पंखे, कूलर, फ्रिज विकायचे. आता नातू रोनक गल्ल्यावर होता आणि नव्वदीतले शेठ मागच्या गादीवर तक्क्याला टेकून सगळ्या गिऱ्हाइकांना नावाने हाका मारायचे. रोनक मुलगा सरळ होता. गिऱ्हाईक फसवून आठ दिवस जगता येतं, आठ वर्षं नाही, हे त्याला आजोबांनी शिकवलं होतं.

साबेराखालाने प्रत्येक कागदावर एकच प्रश्न विचारला. "यात सूद कुठं बसलाय ते दाखव."

पहिलं कार्ड बिनखर्चाच्या हप्त्यांचं. रोनक म्हणाला, "खाला, यात बिलावर व्याज दाखवतात आणि तेवढीच सूट देऊन वजा करतात. तुमच्या खिशातून काही जात नाही."

"पण कागदावर लिहिलेलं असतं ना?"

"लिहिलेलं असतं."

"मग नको. ताटात वाढून मग उचलून घेतलं तरी ताट बाटतंच."

दुसऱ्या कार्डाला पन्नास दिवस व्याज नव्हतं. पण पन्नास दिवसांत एकेचाळीस हजार आणायचे कुठून? तेही बाजूला गेलं. तिसरं कार्ड होतं जळगावात शाखा असलेल्या एका खासगी बँकेचं. त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत छापलं होतं, बारा महिने शून्य व्याज. ना हप्त्याचं व्याज, ना वजाबाकी. साबेराखालाने तो कागद दोनदा वाचला, बोट ठेवून.

"यात सूद कुठंय?"

रोनकने खरं ते सांगितलं. "यात तो दडून बसलाय, खाला. अटी पाळल्या तर एक पैसा नाही. पण एकदा चुकलं, तर सवलत रद्द, आणि व्याज लागतं ते पहिल्या दिवसापासून. मागचं सगळं धरून."

"मागचं? उलटं मागे जाऊन?"

"हो. घेतल्या दिवसापासून."

तिने कागदावरचं बोट उचललं. चुकलेल्या दिवसापासून सूद लागला तर माणूस निदान म्हणेल की कालपर्यंत मी स्वच्छ होतो. हा तर कालही खाणार, परवाही खाणार. ज्या हवेत सून झोपली, जिच्यात बाळ श्वास घेऊ लागलं, ती हवा मागाहून हराम ठरणार. तिने उठून जायला पदर सावरला, तेवढ्यात गादीवरून शेठ बोलले.

"साबेरा, घाबरतेस काय? चांद माझ्याकडून कूलर घेऊन गेला, फ्रिज घेऊन गेला. कधी व्याज लावलं मी त्याला? आखाजीच्या सणाला सासुरवाडीला यायचा तेव्हा न्यायचा, पुढच्या आखाजीला सगळे एकदम आणून ठेवायचा. मधे मधे चिल्लर देऊन माझं डोकं खाऊ नको, असं मीच सांगितलं होतं त्याला. तसंच समज. माणूस चोख तर उधारी चोख."

"आजोबा, हे तसं नाही," रोनक म्हणाला. "खाला, दर महिन्याला बिल येईल, त्यातलं थोडं तरी भरावंच..."

"तारीख सांग मला," साबेराखाला म्हणाली. "शेवटची."

"पुढच्या वर्षी सात मे. पण खाला, मधली बिलं..."

तेवढ्यात दारात टेम्पो लागला, चार फ्रिज उतरायचे होते, आणि रोनक ओरडत बाहेर धावला. त्याचं वाक्य साबेराखालाच्या कानात शिरलं होतं, मनात शिरलं नव्हतं. मनात शेठचं शिरलं होतं. चाळीस वर्षांच्या ओळखीच्या म्हाताऱ्याचा शब्द आणि मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं वाक्य, यांत बाई कुणाचं ऐकेल? तिने सही केली. फोन नंबर स्वतःचा दिला, कारण कर्ज तिचं होतं.

सात मे रोजी वरच्या खोलीत एसी लागला. सदफ त्या दिवशी दुपारी तीन तास झोपली. साबेराखाला दाराबाहेर जिन्यावर बसून होती, आत गेली नाही. दार उघडलं तर थंडी बाहेर जाईल म्हणून. ती रडत होती, आणि ते बरं वाटून होतं.

आता तिने काय केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. एकेचाळीस हजार चारशेला बारांनी भागलं तर महिन्याला तीन हजार साडेचारशे होतात. हसीब दोन हजार द्यायचा, उरलेले चौदाशे पन्नास ती रजया शिवून आणि पेन्शनीतून काढायची. मे महिन्याचे पहिले पैसे तिने एसी लागला त्याच दिवशी हिरव्या फडक्यात बांधले, आणि पुढे दर महिन्याच्या पाच तारखेला ती त्यात भर घालायची आणि पुरचुंडी पेटीत ठेवायची. तिच्या लेखी ती बँकेची अमानत होती. बँकेने विश्वासाने दिले, आपण एका महिन्याचाही खंड न पाडता जपून ठेवायचे, आणि ठरल्या दिवशी एकरकमी, पूर्ण, हातात द्यायचे. चिल्लर नेऊन कुणाचं डोकं खायचं नाही. कुणाची अमानत कुणी तुकड्या-तुकड्याने परत करतं का?

हसीब दर भेटीला विचारायचा, "अम्मी, बँकेचं झालं?"

"पाच तारखेलाच झालं," ती सांगायची. ती खोटं कधी बोलली नव्हती आणि आताही बोलत नव्हती. त्याला वाटायचं, भरले. एकाच घरचे आई आणि मुलगा वर्षभर एकाच गोष्टीबद्दल निश्चिंत होते, आणि दोघांची निश्चिंती वेगवेगळी होती.

पहिलं बिल जूनमध्ये आलं असणार. आलं ते तिच्या बटणांच्या फोनवर, इंग्रजी मेसेज होऊन. साबेराखालाला उर्दू छान यायचं, मराठी बोट ठेवून यायचं, इंग्रजी अजिबात नाही. शिवाय हसीबने फोन हातात देतानाच तिला तंबी दिली होती, की बँकेच्या नावाने मेसेज आला, फोन आला, तर उत्तर द्यायचं नाही, नंबर सांगायचा नाही, सरळ कापायचा. लोक असेच लुटले जातात. धुळ्यात त्याच्या दुकानमालकाचे नव्वद हजार असेच गेले होते. दुधाने तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकून पिणारच. त्यामुळे ऑगस्टपासून "साबेराबी बोलताय का, कार्ड विभागातून" असे फोन येऊ लागले, तेव्हा साबेराखाला "शरम नाही का वाटत, कुणाच्या आईला लुटता" एवढं सुनावून फोन ठेवायची. दिवसाला एक फोन यायचा, मग दोन, मग चार. नमाजाच्या वेळी यायचे, स्वयंपाकाच्या वेळी यायचे. तिने घंटीच बंद करून टाकली.

बाळ जुलैत झालं. मुलगी. नाव ठेवलं मिसबाह. गुटगुटीत, थंड खोलीत हात-पाय मारणारी. त्या पोरीला बघून साबेराखाला दर पाच तारखेला हिरवी गाठ आणखी घट्ट मारायची. वरती पोर वाढत होती, पेटीत हिरवी पुरचुंडी वाढत होती, आणि जळगावच्या बँकेत तिच्या नावापुढचा आकडा वाढत होता. तिन्ही एकाच वर्षात.

जानेवारीत एक माणूस आला. मोटारसायकलवरून, गळ्यात पट्टा, हातात कागद. दोन घरांत तिचं नाव विचारून तिच्या दारापर्यंत पोचला. "आजी, तुमचे पैसे थकलेत. आठ महिन्यांचे."

"तारीख सात मे," साबेराखाला म्हणाली. "आज जानेवारी आहे."

"ती तारीख आता राहिली नाही, आजी. तुम्ही एकदा बँकेत या, नाहीतर माझ्याकडे काहीतरी भरा. व्याज चढतंय."

व्याज हा शब्द तिच्या उंबऱ्यावर उच्चारला गेला तेव्हा तिचा आवाज चढला. भीतीने नाही, रागाने. शेजारचा वेल्डर शाहबाज बाहेर आला, त्याच्यामागे आणखी चौघे. बारा महिन्यांची मुदत असताना आठव्या महिन्यात रोख पैसे मागायला आलेला माणूस चोर नाही तर कोण? शाहबाजने त्याची गचांडी धरली. त्या बिचाऱ्याने हात जोडले, कागद ओट्यावर ठेवला आणि गाडी ढकलतच गल्लीबाहेर काढली. गल्ली हसली. साबेराखालाचं दिवसभर कौतुक झालं, संध्याकाळी फोनवर हसीबसुद्धा म्हणाला, "शाब्बास अम्मी!" तो कागद तिने कुणाला दाखवला नाही. इंग्रजीत होता. घडी घालून पेटीत ठेवला, आणि त्या रात्रीपासून तिला उगीचच वाटू लागलं की घरात कुणीतरी जास्तीचं राहतंय.

फेब्रुवारीत एकदा ती रोनकला विचारायला म्हणून निघाली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं आणि बाहेर चपलांची रांग. मांगीलालशेठ गेले होते. अशा वेळी आपलं कार्ड काय काढायचं, म्हणून ती दोन मिनिटं हात जोडून उभी राहिली आणि परत फिरली. पुन्हा जायचं राहूनच गेलं.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. मुदतीला पाच दिवस होते. साबेराखालाने धुतलेली साडी नेसली, हिरवी पुरचुंडी पोटाशी बांधली आणि सकाळच्या गाडीने एकटी जळगावला गेली. हसीबला तिने मुद्दामच सांगितलं नव्हतं. बँकेची पावती आणून त्याच्या हातात ठेवायची होती.

बँकेत काचेआड बसलेल्या मुलाच्या छातीवर नाव होतं, अभिमन. तिने पुरचुंडी टेबलावर ठेवली, गाठ त्याच्यासमोर सोडली आणि म्हणाली, "तुमची अमानत. मोजून घ्या. एकेचाळीस हजार चारशे."

अभिमनने कार्डाचा नंबर दाबला. पडद्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. त्याने प्रमाण भाषेत समजावलं, तिला कळेना. शेवटी तो खुर्ची पुढे ओढून गावाकडच्या बोलीवर आला.

"मावशी, तुम्ही वरीसभर काहीच भरेल नही. दर महिनाले थोडं भरानं व्हतं. पहिला महिना चुकना तठेच सवलत गई. आते अठ्ठ्याहत्तर हजार नऊशे बारा शेत."

"पण पैसे तर माझ्याकडेच होते," ती म्हणाली. "सगळे. दर महिन्याचे. हे बघ ना, जसेच्या तसे."

"माले दिसस, मावशी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच दिसत होतं. बारा महिन्यांच्या बारा घड्या त्या फडक्यात वेगवेगळ्या होत्या.

तिने छापील कागद मागितला. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून म्हणाली, यात सूद कुठंय त्यावर रेघ मार. अभिमनने पेनाने रेघा मारल्या. अकरा वेळा. पहिली रेघ जूनच्या ओळीवर. जून, म्हणजे मिसबाह अजून झालीही नव्हती. जुलै, बाळंतपण. ऑगस्ट, नाव ठेवलं. रमजानचे रोजे त्या घरात, ईद त्या घरात. सगळं वर्ष तिने शुद्ध म्हणून जगून काढलं होतं आणि सगळं वर्ष तो घरात बसलेला होता.

अभिमनने साहेबाशी बोलून सांगितलं, की आज एवढे भरून घेतो, आणखी वीस हजार पंधरा दिवसांत आणा, बाकीचं माफ करून खातं बंद करू. भल्या मनाने सांगत होता तो. त्याला वाटलं, अर्धं व्याज सुटलं म्हणून म्हातारीला आनंद होईल. तिला विषाची अर्धी वाटी मागे घेतल्यासारखं झालं.

एकेचाळीस हजार चारशे भरून, रिकामं हिरवं फडकं घेऊन ती निघाली; परतीच्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. धरणगाव येईपर्यंत ती वीस हजारांचा विचार करत होती. हसीबकडे नाहीत. सदफचे दागिने घ्यायचे नाहीत. स्वतःच्या कानातल्या दोन बाळ्या. त्यांचे किती येतील? आणि विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की आपण मगापासून भलतंच मोजतोय. शाहबाजच्या बायकोची पुरचुंडी हलकी आहे, फार तर पाच हजार. भाड्याच्या पैशांची जरा फुगलेली, आठ असतील. बेबाबाईची जड; उचलताना मनगटाला कळतं; तीस हजारांच्या पुढे. ज्या नोटांवर तिने इतकी वर्षं नजर पडू दिली नव्हती, त्यांचं वजन तिच्या हाताला आधीपासून पाठ होतं. आणि नर्सिंगचे प्रवेश जुलैत. म्हणजे मधे दोन महिने.

साबेराखालाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. शेजारच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाही का? तिने खिडकीकडे तोंड केलं. तिला आता बँकेची भीती नव्हती, त्या मोटारसायकलवाल्याची नव्हती. तिला स्वतःची भीती वाटत होती, आणि अशी भीती तिला जन्मात कधी वाटली नव्हती.

घरी आल्यावर ती पाणीसुद्धा प्यायली नाही. पेटी उघडली आणि पुरचुंड्या ओच्यात घेतल्या. सदफ मिसबाहला कडेवर घेऊन जिन्यातून विचारत राहिली, "अम्मी, काय झालं? कुठं चाललात?" ती निघाली. शाहबाजच्या बायकोला तिची दिली. भाड्यावाल्याला त्याची दिली. "माझ्या घरात ठेवू नका," एवढंच म्हणायची. लोक विचारायचे, आमचं काही चुकलं का? ती मान हलवून पुढच्या दारी जायची. पाच घरं झाली. तिला वाटत होतं, एकेक ओझं उतरतंय, आणि जे आपल्या हातून होऊ शकलं असतं ते आता होणार नाही.

शेवटची बेबाबाईची. बेबाबाई दारात मेथी निवडत बसली होती. संध्याकाळचे सहा वाजले असतील, उजेड होता. साबेराखालाने पुरचुंडी तिच्या मांडीवर ठेवली. बेबाबाईने बघितलं, आणि पटकन मेथीचं फडकं तिच्यावर ओढलं.

"हाई काय करस, साबेरा? लई जाय परत!"

"नही ठेवता येवाव, अक्का. मना घरमा सूद घुसना."

"मंग घुसू दे! माले काय त्यानं? तू माले परकी समजस का?"

"माले भ्याव वाटस."

"कोना भ्याव?"

"मना सोताना," साबेराखाला म्हणाली.

बेबाबाईला ते कळलंच नाही. चाळीस वर्षं जिला ओळखतो तिच्या तोंडून असं काही निघेल, हे कळायला वेळ लागतो. तिने साबेराखालाचा हात धरला आणि आवाज अगदी खाली आणला. "मी आते हाई कोठे ठेवू? सांग ना बहीन. बँकमा ठेवं तं अमृत पासबुक लई जास. पेटीमा ठेवं तं कुलूप तोडस. कोठे ठेवू मी?"

साबेराखालाने पुरचुंडीकडे बघितलं. तेव्हा तिला दिसलं, की आपण पाच घरं फिरलो ते आपलं मन हलकं करायला, आणि इथे काय ठेवून चाललोय ते आपण बघितलंच नाही. वर्षभर असंच झालं होतं. ती चोख वागत गेली होती आणि त्या चोखपणाची किंमत कुठेतरी दुसरीकडे चढत गेली होती. तिने पुरचुंडी परत घ्यायला हात पुढे केला.

आतून खाट करकरली. अमृत दारात येऊन उभा राहिला, डोळे चोळत, आज शुद्धीवर. त्याने आईकडे बघितलं, साबेराखालाच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं, मग मेथीच्या फडक्याखालच्या फुगवट्याकडे.

"काय शे वं मावशी त्यामा?"

बेबाबाईने साबेराखालाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत फक्त एवढंच होतं, की बोल, काहीतरी बोल. रजईच्या चिंध्या म्हण, गोधडीचा कापूस म्हण, काहीही म्हण. तुझं खोटं सगळ्या गावात खरं मानलं जाईल. साबेराखालाने तोंड उघडलं. चिंध्या हा शब्द जिभेपर्यंत आला सुद्धा, पण साठ वर्षांत ज्या जिभेला सवय नाही तिला एका क्षणात ती कशी लागावी? ती नुसती उभी राहिली. जरा जास्तच वेळ उभी राहिली.

अमृत हसला. पायरीवर आईशेजारी उकिडवा बसला, आणि मेथीचं फडकं त्याने अगदी हळू, जपून बाजूला केलं.